थोरलीचा राखणदार

विश्राम मेस्त्री कधी कुणाकडे बोट दाखवत नसत. दुकान कुठे आहे विचारलं तर हनुवटी त्या दिशेला उचलत, माणूस दाखवायचा तर अख्खा पंजा उघडून पुढे करत. छत्रीचं टोक कायम जमिनीकडे. पेनसुद्धा टेबलावर ठेवताना समोरच्याकडे निब येणार नाही असं आडवं ठेवायचे. मला वाटायचं, वयानुसार माणसाला लागतात तशा या सवयी. त्या कशाच्या होत्या हे कळलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. माझं काम तर बोलण्याचंच होतं.

दुबईतल्या अल मनखूलमध्ये एका छोट्या भाषांतर कचेरीत मी नोकरी करते. माझा जन्म शारजातला. शाळेत अरबी सक्तीची होती, तेव्हा तिचा राग यायचा, पुढे तिच्यावरच पोट चाललं. कोर्टाचे, पोलिसांचे, म्युनिसिपालिटीचे कागद आमच्याकडे येतात. मेस्त्री पहिल्यांदा आले ते छातीशी एक निळी फाइल धरून. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात रबरी चपला, आणि हाताला तिळाच्या तेलाचा वास. काउंटरवरची पाटी त्यांनी नुसती बघितली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "बाय, मराठी असस मां?"

व्हिसावर त्यांचा धंदा सुतार असा लिहिलेला होता. प्रत्यक्षात ते उम्म अल कुवैनच्या एका म्हाताऱ्या अमिराती माणसाकडे जुन्या बंदुका सांभाळायचे. या माणसाला ते आणि घरातले सगळे नोकर अरबाब, म्हणजे मालक, म्हणत. मेस्त्री मूळचे कुडाळच्या बाजूचे. त्यांचे वडील तिथे ठासणीच्या बंदुका दुरुस्त करत. शेतात डुक्कर आणि माकडं शिरतात म्हणून परवाना काढून ठेवलेल्या लोकांच्या बंदुका. मेस्त्री इथे आले ते साइटवर शटरिंगच्या कामाला. एकदा अरबाबच्या घरी दरवाजा बसवायला गेले, तर भिंतीवरच्या बंदुकीचा दस्ता चुकीच्या लाकडाने सांधलेला त्यांना दिसला. ते त्यांनी सांगितलं, आणि अरबाबने त्यांना परत जाऊच दिलं नाही. त्याला सव्वीस वर्षं झाली होती.

फाइलमध्ये अरबाबचा संग्राहकाचा परवाना होता. हा परवाना सगळ्या देशाचा. जुनी, शोभेची शस्त्रं बाळगायला परवानगी, अमुक अटींवर. मेस्त्रींना वाचता यायचं ते फक्त मराठी. त्यांनी मला तो संपूर्ण परवाना मराठीतून मोठ्याने वाचायला लावला, एकदा नव्हे, तीनदा. मग विचारलं, हा कागद हद्दीपलीकडे चालतो का? मी म्हटलं, देशाचा आहे, चालायला हवा. त्यांचं समाधान झालं नाही. अमिराती सात आहेत, प्रत्येकाचे पोलीस वेगळे, त्यांचं काय म्हणणं आहे ते बघ, म्हणाले. मी दोन-चार ठिकाणी फोन केले आणि चाटच पडले. बाळगण्याचा परवाना एक होता, पण बंदूक एका अमिरातीतून दुसरीत न्यायची, तिथे ठेवायची, लोकांना दाखवायची, तर तिथली मंजुरी वेगळी, अटी वेगळ्या. कुठे कपाटाला दोन कुलपं हवीत, कुठे नळीला भोक पाडून ती कायमची निकामी करायला हवी.

मेस्त्रींना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "कायदो वरसून एक येता आणि खालसून दुसरो लागता," ते म्हणाले. "आमच्याकडे परवानो खिशात असलो तरी निवडणूक इली की बंदूक चौकीत." त्या दिवसापासून प्रत्येक अमिरातीचा नियम मी मराठीत लिहून द्यायचा आणि त्यांनी तो निळ्या फाइलीत लावायचा, असं ठरूनच गेलं.

ते किती काटेकोर होते, ते शारजाच्या हद्दीतल्या खोर फक्कानच्या वेळी कळलं. तिथे कुणीतरी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं होतं आणि अरबाबने तीन बंदुका पाठवायचं कबूल केलं होतं. गाडी दारात उभी, पेट्या भरलेल्या, देशाचा परवाना हातात. मेस्त्री गाडीत बसेनात. तिथल्या मंजुरीचं पत्र आलेलं नव्हतं. अरबाब चिडले, काठी आपटली, म्हणाले, मी इथला माणूस, माझ्या आजोबांच्या बंदुका, मला कोण अडवतो? मेस्त्री शांतपणे म्हणाले की तुम्हाला कुणी अडवणार नाही, बंदुकीला अडवतील. पत्र दोन दिवसांनी येणार होतं आणि प्रदर्शन उद्याच होतं. शेवटी बंदुकांचे फोटो गेले. आठवडाभर अरबाब त्यांच्याशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी स्वतःच्या हाताने खजूर आणून दिले आणि म्हणाले, खलास.

एका शुक्रवारी आम्ही सगळे उम्म अल कुवैनला त्यांच्याकडे गेलो. मी, नवरा आणि आमची रिया, तेव्हा नऊ वर्षांची. खाडीकाठचं ते बैठं घर, आत लांबलचक मजलिस, भिंतींना टेकून गाद्या, आणि वर चौदा बंदुका. चांदीच्या पट्ट्या बांधलेल्या, माणसापेक्षा उंच, तोड्याच्या. जळती वात टेकवून उडवायच्या, त्या काळातल्या. मेस्त्रींनी हात धुतले, पुसले, जुन्या बनियनचे शिवलेले हातमोजे चढवले. घामाने लोखंड गंजतं आणि खाडीवरची हवा आधीच खारट, म्हणाले. जेवायच्या आधी इतके स्वच्छ हात धुताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. प्रत्येक बंदुकीला त्यांनी नाव दिलं होतं. जिच्या टोकाचा तुकडा उडाला होता ती नकटी. ओमानकडून आलेली ती पावणी. दाराच्या वर सगळ्यांत लांब, काळपट, ती थोरली.

रियाने विचारलं, "अंकल, कॅन आय होल्ड वन?" त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण समजलं. मान हलवून नाही म्हणाले आणि नकटीचा गज, म्हणजे नळीत घालायची ती लांब सळई, तिच्या हातात दिली. नळीत गज किती खोल जातो ते आधी बाहेरून मोजायचं, मग आत घालून बघायचं. पुरता गेला तर रिकामी. थोडा बाहेर राहिला तर आत काहीतरी आहे. "बंदूक रिकामी आसा काय, ता बंदुकीक इचारू नये," ते तिला म्हणाले, "गजाक इचारूचा." माझा नवरा फोटो काढत थोरलीच्या खाली उभा राहिला होता. मेस्त्रींनी हलकेच त्याच्या कोपराला धरून त्याला दोन पावलं बाजूला केलं. उजेड चांगला मिळावा म्हणून केलं असेल, असं आम्हाला वाटलं.

जेवताना मी विचारलं, तुम्ही स्वतः किती वेळा उडवलीत बंदूक? एकदाही नाही, म्हणाले. आमचा विश्वास बसेना. जन्म बंदुकांत गेलेला माणूस, आणि चाप एकदाही ओढलेला नाही. ते हसले आणि पानातला मासा साफ करत राहिले. रजेचंही असंच. गावी एक मोठी बहीण तेवढी होती, अक्का. तिच्याकडे दोन-तीन वर्षांतून एकदा जायचे, आणि पंधरा दिवसांच्या आत परत. लग्न केलं नव्हतं. लोक म्हणत, मेस्त्रींना दिरहमचा लोभ. मीही एकदोनदा मनात म्हटलं होतं.

मग अरबाब गेले. सकाळी कॉफीचा पेला हातात असतानाच गेले. परवाना त्यांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. दफन करून लोक परत येईपर्यंत अधिकाऱ्यांनी मजलिसला सील लावलं होतं. नियमच तसा होता, त्यात कुणाचं चुकलं नाही. मेस्त्री मात्र सैरभैर झाले. मला फोन करून विचारू लागले, एक तासासाठी दार उघडून मिळेल का? फक्त एक बंदूक बघायची आहे. मी चौकशी केली. मिळणार नव्हतं. मला वाटलं, मालक गेल्याचं दुःख असं बाहेर पडतंय. मी त्यांना दोन समजुतीचे शब्द सांगून फोन ठेवला. ते आठवलं की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

अरबाबचा मुलगा हमद दुसऱ्या एका अमिरातीत राहत होता. बंदुका त्याला हव्या होत्या. देशाचा परवाना त्याच्या नावावर झाला, पण तो राहायचा तिथली अट होती की घरात ठेवायच्या जुन्या बंदुका आधी निकामी करायच्या. नळीच्या बुडाशी, जिथे दारू असते तिथेच, ड्रिलने आरपार भोक. सीलबंद पेट्या पोलिसांच्या गाडीतून थेट त्यांच्या वर्कशॉपवर गेल्या. त्या दिवशी सांभाळणारा म्हणून मेस्त्री हजर हवेत आणि त्यांच्यासाठी दुभाषी हवा, म्हणून मला बोलावलं होतं. हमद होता. त्याची सरकारी कागदपत्रं बघणारा पीआरओ शफीक होता. अधिकारी मध्यमवयीन, बोलायला मऊ. सगळ्यांना चहा आला.

एक फॉर्म होता. त्यातलं शेवटचं वाक्य मी मेस्त्रींना वाचून दाखवलं: सर्व शस्त्रे रिकामी आहेत, असे मी सांभाळणारा या नात्याने जाहीर करतो. खाली सही. काचेपलीकडे कारागिराने पहिली बंदूक पकडीत बसवली होती. कानांवर ते जाड हेडफोन, हातात ड्रिल. पहिली थोरलीच होती, सगळ्यांत लांब म्हणून.

मेस्त्रींनी पेन आडवं ठेवलं.

"हेच्यार मी सई करूचंय नाय," ते म्हणाले. "थोरली भरलेली आसा."

मला ऐकलेलं कळलं, पण अर्थ लागेना. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते पुन्हा म्हणाले, या वेळी घाईने, "बाय, सांग तेंका. तेच्या हातात ड्रिल आसा."

मी अरबीत ओरडले. दुसऱ्याच्या कचेरीत मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. अधिकारी उठून काचेवर हात आपटायला लागला. कारागिराला ऐकू येत नव्हतं. मग शफीकने धावत जाऊन भिंतीवरचं मेन बटन बंद केलं. ड्रिल थांबलं. नळीवर नुसता एक चकचकीत ओरखडा उमटला होता.

पुढचे दोन तास मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. इमारत रिकामी केली. हमद अंगणात उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. लहानपणी त्या दाराखाली तो आणि त्याची भावंडं कुस्ती खेळायची, हे तो पुन्हा पुन्हा कुणालाही सांगत होता. माझ्या डोळ्यांपुढे माझा नवरा कॅमेरा घेऊन उभा होता, आणि त्याच्या कोपरावर मेस्त्रींचा हात. पोलिसांचा तज्ज्ञ आला. त्याने बॉम्ब पाहिले होते, तोड्याची बंदूक पाहिली नव्हती. तो आत, आम्ही वाळूच्या पोत्यांमागे, मध्ये फोन. मेस्त्री सांगत होते आणि मी अरबीत बोलत होते. कानाच्या, म्हणजे वात टेकवायच्या भोकात मेण आहे, ते काढू नका. आधी तोंडातून कोमट पाणी ओता. अजून ओता. आता थांबा. अर्धा तास हात लावू नका. आता टोकाला स्क्रू असलेला गज घाला, फिरवा, ओढा.

बाहेर आलं ते एका ट्रेमध्ये ठेवून आम्हाला दाखवलं. काथ्याचा बोळा, शिशाच्या तीन गोळ्या, आणि काळा चिखल. तज्ज्ञ म्हणाला, बुडाची दारू अजून कोरडी होती. गंधकाचा वास अंगणभर पसरला.

त्यानंतर जबाब. मेस्त्रींना समोर बसवलं, शेजारी मी. अधिकाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, तुला हे केव्हापासून माहीत होतं? पहिल्या महिन्यापासून, मेस्त्री म्हणाले. गज घालून बघितला तेव्हाच. अरबाबला सांगितलं. अरबाब म्हणाले, ही माझ्या आजोबांनी स्वतःच्या हाताने भरली आणि त्याच वर्षी ते समुद्रात गेले. त्यांच्या हाताचं माझ्याकडे एवढंच उरलंय, ते काढायचं नाही. शपथ घातली. तेव्हा नोकरी सोडून जावं असं मेस्त्रींच्या मनात आलं होतं. पण मी गेलो तर जो पुढचा येईल त्याला माहीत नसेल, असंही मनात आलं. म्हणून राहिलो. भोकात मेण भरलं. दर महिन्याला बघितलं. खाली कुणाला उभं राहू दिलं नाही. रजा कधी पंधरा दिवसांवर घेतली नाही.

अधिकारी म्हणाला, आम्हाला सांगायला हवं होतं. होय, सांगायला हवं होतं, मेस्त्री म्हणाले. त्यांनी कसलीही सबब पुढे केली नाही.

मग अधिकाऱ्याने विचारलं, सव्वीस वर्षं गप्प राहिलास. आज सही केली असतीस तर तुला माहीत होतं हे कुणालाच कळलं नसतं, अपघात म्हणून गेलं असतं. आज का बोललास?

मेस्त्री माझ्याकडे न बघता, समोरच्या टेबलाकडे बघत बोलले. मी ते वाक्यावाक्याने अरबीत करत होते. दुभाष्याला 'हा असं म्हणतो' असं म्हणायची परवानगी नसते, 'मी' असंच बोलावं लागतं. म्हणून ते सगळं माझ्या तोंडून असं गेलं:

मी अठरा वर्षांचा होतो. निवडणूक आली म्हणून बंदुका चौकीत जमा करायच्या होत्या. गावातल्या एकाने त्याची बंदूक आमच्याकडे आणली, बूड अडकलंय ते सोडवून द्या म्हणाला. रिकामी आहे म्हणाला. वडील मला म्हणाले, गज घालून बघ. मला नाटकाच्या तालमीला जायचं होतं. मी बघितलं म्हणून सांगितलं. मी बघितलं नव्हतं. वडिलांनी बूड भट्टीत तापत ठेवलं, नळीचं तोंड मागीलदाराकडे. आई मागीलदारी आंबोळ्यांचं पीठ वाटत बसली होती.

इथे माझा आवाज थांबला. अधिकाऱ्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला, मेस्त्रींकडे नव्हे. मी प्यायले. मेस्त्री थांबले होते, माझं होईपर्यंत. मग शेवटची दोन वाक्यं बोलले. आईला माझ्या बोलण्याने मारलं. वडील त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि आपण तिला मारलं असं समजत मेले, कारण मी त्यांना सांगितलं नाही.

अधिकारी उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला. हे आधी कुणाला सांगितलंस? त्याने विचारलं. मी मराठीत सांगायच्या आधीच मेस्त्रींना प्रश्न कळला असावा. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

नऊ दिवस त्यांना ठेवून घेतलं. परवाना होता शोभेच्या बंदुकांचा आणि त्याखाली भरलेली बंदूक बाळगली, हा गुन्हाच होता. पण परवानाधारक वारलेला होता, आणि सांभाळणाऱ्याने स्वतः सांगून एका माणसाचा जीव वाचवला, असं अधिकाऱ्याने अहवालात लिहिलं. हमदनेही आपलं काही म्हणणं नाही असं लेखी दिलं. प्रकरण मिटलं. चौदाही नळ्यांना भोकं पडली. व्हिसा अरबाबच्या नावावरचा, तो संपलाच होता. हमद म्हणाला, मी माझ्या नावावर करतो, राहा. मेस्त्री म्हणाले, आता तिथे बघायला काय उरलंय? पण ते रागाने म्हणाले नाहीत. उलट मला तरी त्यांचे खांदे पहिल्यांदाच खाली उतरलेले दिसले.

सुटल्यावर ते आमच्या कचेरीत आले. निळी फाइल परत करायला आले असतील असं वाटलं. ते म्हणाले, जबाबाची प्रत हवी. मी म्हटलं, ती मिळत नाही, आणि मिळाली तरी अरबीत असणार. "मगे तू लिव," ते म्हणाले. "मराठीत. मोठ्या अक्षरांत लिव, अक्काक बारीक दिसणा नाय."

मी विचारलं, अक्काला तोंडाने का नाही सांगत?

"चाळीस वर्सां तोंडान सांगूक बघतंय," ते म्हणाले.

मी जेवायच्या सुट्टीत दार लावून बसले आणि लिहिलं. जसं आठवलं तसं, 'मी' असंच. सुधारलं नाही, सौम्य केलं नाही. अडीच पानं झाली. त्यांनी ती तिथेच उभ्याने वाचली, एके ठिकाणी थांबून म्हणाले की तालीम नव्हे, दशावताराची तालीम, अक्काला ते आठवेल. मी तेवढा शब्द घातला.

शारजा विमानतळावर त्यांना सोडायला मी आणि रिया गेलो. एक बॅग आणि एक पिशवी, सव्वीस वर्षांची. रिया मध्येच म्हणाली, "मम्मा, ही इज सो काम." ते रांगेत शिरले आणि आम्ही काचेबाहेर थांबलो. रांग पुढे सरकली, ते सरकले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशातून ती पानं काढली होती. मागची माणसं त्यांना वळसा घालून पुढे जात होती, ट्रॉल्या ढकलत, फोनवर बोलत. मेस्त्री मधोमध उभे होते. पान डोळ्यांपासून लांब धरलेलं, आणि ओठ हलत होते, एकेक शब्द मोठ्याने म्हणून बघत.